खाली न घेतलेला हात

विलो फोर्क, युटा
२४ जून १९८६

प्रिय आर्डिथआत्या,

आपली भेट एकदाच झाली, तीही आमच्या लग्नात. तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी लागून म्हणाला होतात, "नॅनेट, माझा भाचा भला आहे, पण त्याच्या गावात जपून राहा." मी हसले होते. आता इथं येऊन तीन आठवडे झाले आणि हसू जरा मावळलंय, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले. थेनला विचारून काही उपयोग नाही. तो इथंच वाढलेला, त्याला इथलं काही वेगळं वाटतच नाही.

आम्ही आलो तेव्हा ट्रकमधून पलंग उतरायच्या आत गावातले निम्मे पुरुष दारात हजर. सामान त्यांनी उतरवलं, आणि कपाट कुठल्या भिंतीला लावायचं तेही त्यांनीच ठरवलं. त्यांच्यामागून बायका आल्या. गरम पाव, रासबेरीचा जॅम, आणि हिरव्या जेलीत किसलेलं गाजर. आत्या, जेलीत गाजर? का? प्रत्येक ताटाच्या बुडाला चिकटपट्टीवर आडनाव लिहिलेलं. मी सगळी ताटं लख्ख घासून घरोघर परत देऊन आले. शेजारच्या लारू जेन्सनबाई ताट उलटसुलट बघत इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, "अगदी रिकामं करून दिलंस गं!" की ताट रिकामं परत द्यायचं नसतं हे कळायला मला दोन दिवस लागले.

पण तो किरकोळ मामला. गेल्या शुक्रवारी गावात एक म्हातारबाबा गेले. दफन झालं की घरच्यांना जेवू घालायचं काम भगिनी मंडळाचं, ते चर्चच्या हॉलमध्ये. टेबलावर चीज आणि साय घातलेल्या बटाट्यांची सहा पातेली, सहा बायकांची, सहाही अगदी सारखी. मी आईनं बाल्टिमोरहून पोस्टानं पाठवलेला केक नेला होता, डबा न उघडता, जसा आला तसा. व्हर्ला सोरेन्सनबाईंनी झाकण उचललं, वाकून बघितलं, झाकण परत लावलं आणि डबा घेऊन सरळ मागच्या दारानं बाहेर. खिडकीतून मला स्वच्छ दिसलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या आईचा केक हिरवळीवर उपडा केला. आत येऊन म्हणतात कशा, "बाई गं, हातातून निसटला!"

त्यांचा पाय अडखळला नव्हता, आत्या. मी त्यांचं काय घोडं मारलंय?

बिशपनं मला सात वर्षांच्या मुलांचा रविवारचा वर्ग दिलाय. घरी आल्यावर मी थेनला सहज विचारलं, "असं काम दिलं की कुणी नाही म्हणतं का?" तो म्हणाला, "नाही कशाला म्हणायचं?" त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता.

उत्तराची वाट बघतेय.

तुमची,
नॅनेट


स्पार्क्स, नेवाडा
२ जुलै १९८६

प्रिय नॅनेट,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा हसून आणि एकदा कॉफी पिऊन. हो, आपल्या चर्चला दारू आणि कॉफी दोन्ही वर्ज्य, तरी मी कॉफी पिते. तिथं कुणी विचारलंच तर खुशाल सांग, त्यांना तेवढाच विरंगुळा.

आता नीट ऐक. ताट कधीही रिकामं परत द्यायचं नाही. दुसऱ्यांच्या पोरांना कुणासमोरही नावं ठेवायची नाहीत, कारण तिथं प्रत्येक जण प्रत्येकाचा मावसभाऊ लागतो. ऑगस्टात चर्चला गेलीस की गाडीला कुलूप लाव. चोर नाहीत. झुकिनी आहेत, तेव्हा प्रत्येकाच्या परसात ही भाजी उतू जाते. गाडी उघडी ठेवलीस तर बाहेर येईपर्यंत मागची सीट मुसळाएवढाल्या झुकिनींनी भरलेली असेल आणि देणारा मागे वळूनसुद्धा बघणार नाही. जेलीतल्या गाजराबद्दल मला विचारू नकोस. मी एकावन्न वर्षं खाल्लं, मलाही माहीत नाही.

राहिली व्हर्ला. तुझा केक तिनं मुद्दामच पाडला, यात मला तिळमात्र शंका नाही. व्हर्लाच्या हातून कधी काही निसटत नाही. आम्ही दोघी एका बाकावर शिकलो, एका दिवशी बाप्तिस्मा झाला, एकमेकींच्या लग्नात केस विंचरले. मग माझा नवरा ड्वेन रीनोच्या एका बाईबरोबर निघून गेला आणि मी गावात एकटी राहिले, तेव्हा ही भगिनी मंडळाची अध्यक्ष होती. रोज एक पातेलं यायचं. कधी हिच्या हातून, कधी तिच्या हातून. व्हर्ला स्वतः एकदाही माझ्या पायरीवर आली नाही. वीस वर्षं झाली त्याला. मी घर विकलं आणि इथं आले, कारण इथं शेजारची बाई मी मेले तरी आठवड्यानं दार ठोठावेल, आणि त्यातही एक सुख आहे.

तू मात्र तिथंच राहायला गेली आहेस. तेव्हा हस, ताटं भरून दे, आणि व्हर्लापासून चार हात लांब राहा.

तुझी,
आर्डिथआत्या


विलो फोर्क
११ ऑगस्ट १९८६

प्रिय आत्या,

मी संपले. चार हात लांब राहा म्हणालात ना? माझ्या एकाच हातानं घोटाळा केला.

काल सभेत नव्या नेमणुका होत्या. तुम्हाला माहीतच आहे, बिशप नाव वाचतात, पसंत असेल त्यांनी उजवा हात वर करायचा, मग विरोध असेल त्यांनी. आमच्या बाल्टिमोरच्या मंडळीत आम्ही मूठभर माणसं, आणि आमचे प्रमुख बंदरावरचे मुकादम. ते सभा युनियनसारखी चालवायचे. एक बोट पुढे करून हात मोजायचे आणि म्हणायचे, "खाली!" तोवर हात खाली घ्यायची कुणाची टाप नव्हती. मला वाटलं, जगात सगळीकडे असंच असतं. बोटं दाखवून मोजणारे फक्त आमचेच मुकादम आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बिशप ख्रिस्तियान्सेननी नाव वाचलं, "व्हर्ला सोरेन्सन, भगिनी मंडळाच्या अध्यक्ष, तिसऱ्यांदा." सगळ्यांचे हात वर. माझाही. मी मोजायची वाट बघत राहिले. इथं कुणी मोजत नाही, आत्या! बिशप काही पगारी पाद्री नाहीत, टर्की पाळतात, पक्ष्यांना दुपारचं खाणं घालायची त्यांना घाई असते, श्वास न घेता ते पुढे म्हणाले, "कुणाचा विरोध?" आणि कागद उलटायला लागले, कारण आजवर कधी कुणाचा नव्हताच.

अख्ख्या सभागृहात एकच हात वर होता.

बिशपनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हात तिथंच होता, कारण घाबरून मला तो खाली घ्यायचंच सुचेना. पुढच्या बाकावरच्या सोरेन्सनबाई वळल्या. त्यांच्या शेजारी त्यांचा हात धरून बसलेले त्यांचे यजमान, ऑर्व्हिलकाका. (किती प्रेमळ माणूस तो! भेटेल त्याला "काय राव, बरंय ना!" म्हणतात.) लारू जेन्सनबाईंचा 'आ' मिटेना. बिशप म्हणाले, "सिस्टर, आपण बुधवारी माझ्या खोलीत बोलू," आणि पुढचं गाणं सुरू झालं. थेनच्या कानाच्या पाळ्या टोमॅटोसारख्या लाल झाल्या होत्या.

बाहेर कुणीही मला एक वाकडा शब्द बोललं नाही. उलट सगळ्यांनी माझ्या ड्रेसचं कौतुक केलं. आत्या, मला फार भीती वाटली. गेल्या दोन महिन्यांत या बायका निदान माझ्या पावाला नावं ठेवायला लागल्या होत्या.

बुधवारी जाऊन सगळं खरं सांगून टाकते, चुकून राहिला म्हणून. मग हसण्यावारी जाईल. जाईल ना?

नॅनेट


स्पार्क्स
१३ ऑगस्ट १९८६

नॅनेट, अगं पोरी,

एवढी हसले की वरच्या मजल्यावरच्या माणसानं काठी आपटली. त्या सभागृहात विरोधी हात! माझ्या आजोबांच्या काळापासून गाव बघतेय, एकदा बाकाखाली साप निघाला होता, त्यानंतर एवढी खळबळ पहिलीच.

पण हसणं पुरे. व्हर्लावर माझा राग आहे तो माझ्यापाशी. तू ताबडतोब जा आणि हात खाली घे. चूक झाली म्हण, रड, बाल्टिमोरच्या मुकादमाच्या माथी मार. ते गाव रागावून मोकळं होत नाही, गोड बोलतं आणि विसरत नाही. माझा नवरा पळाला तेव्हाही माझ्या ड्रेसची फार स्तुती झाली होती. तुला तिथं संसार करायचाय.

हे पत्र बुधवारनंतर पोचणार, ठाऊक आहे. तोवर तू मोकळी झाली असशील अशी आशा करते.

आर्डिथआत्या


विलो फोर्क
१९ ऑगस्ट १९८६

प्रिय आत्या,

मी हात खाली घेतला नाही.

मंगळवारी एक बाई आमच्या घरी आली होती. ती काय बोलली ते तिचं आहे, मी शब्द दिलाय. बुधवारी मी बिशपच्या खोलीत गेले. त्यांच्या बुटांना टर्कीची पिसं चिकटलेली होती. त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "सिस्टर सोरेन्सनच्या हातून काही वाईट झालंय का?"

"नाही," मी म्हटलं, "त्या आपल्या सगळ्यांहून चांगल्या आहेत."

"मग?"

"रविवारी माझा हात चुकून वर राहिला, बिशप. आज तो मुद्दाम वर आहे. कारण मला सांगता येणार नाही."

त्यांनी बुटाला चिकटलेलं एक पीस उपटून टाकलं. मग म्हणाले, "बाहेरचे लोक तुम्हाला बोलतील. मी इथलं बोलणं बाहेर सांगू शकत नाही, म्हणजे तुमची बाजूही मला घेता येणार नाही." मी म्हटलं, माहीत आहे. परवा त्यांनी सभेत जाहीर केलं, सोरेन्सनबाईंची नेमणूक सध्या थांबवली आहे. एवढंच. बाकीचं गावानं स्वतः भरून घेतलं. एक मत असं की केकचा सूड घेतला. दुसरं मत असं की मला स्वतःलाच अध्यक्ष व्हायचंय. तिसरं मत बाल्टिमोरबद्दल आहे, ते मी लिहीत नाही.

थेननं विचारलं, "कारण आहे ना?" मी म्हटलं, आहे. "मला सांगता येत नाही?" मी म्हटलं, नाही. "मग झालं," म्हणाला आणि भांडी पुसायला लागला. तो शिकवतो त्या शाळेत शिक्षकांच्या खोलीत त्याच्याशी हवामानावरच बोलतात आता. आत्या, मी या माणसाशी लग्न केलं ते फार शहाणपणाचं केलं.

नॅनेट

ता. क. रविवारी चर्चबाहेर गाडीच्या चारही काचा उघड्या ठेवल्या होत्या. एकसुद्धा झुकिनी नाही.


स्पार्क्स
२४ ऑगस्ट १९८६

नॅनेट,

सांगितलेलं ऐकलं नाहीस, आणि तरी मला तुझा अभिमान वाटतोय, काय करू! मंगळवारी आलेली बाई म्हणजे लारूच, दुसरी कोण असणार. तिनंच येऊन व्हर्लाची लक्तरं तुझ्यापुढे टांगली असणार. लारूच्या पोटात काही राहत नाही. शेवटी गावात एक तरी हात निघाला! व्हर्लाला एकदा तरी कळू दे, दारं आतून बंद झाल्यावर कसं वाटतं ते.

आणखी दारूगोळा हवा असेल तर लिही. शाळेत तिनं एकदा शुद्धलेखनाच्या परीक्षेत माझं बघून लिहिलं होतं.

आता मागे हटू नकोस.

आर्डिथआत्या


विलो फोर्क
२ सप्टेंबर १९८६

प्रिय आत्या,

दारूगोळा नको. आणि कृपा करून सोरेन्सनबाईंबद्दल असं लिहू नका. का ते सांगता येत नाही, पण वाचून मला वाईट वाटलं.

परवा रविवारी माझ्या वर्गात एकही मूल नव्हतं. मागच्या रविवारी तीन होती. आयांनी येऊन गोड शब्दांत सांगितलं, मुलाला जरा सर्दी आहे. सगळ्या सात वर्षांच्या मुलांना एकाच दिवशी सर्दी. मी त्यांच्यासाठी कागदाचं गलबत बनवायला शिकले होते, मागच्या रविवारी त्या तिघांना शिकवलंही होतं. त्या बुटक्या खुर्च्यांमध्ये एकटी बसून गलबतं करत राहिले. वर्गाच्या दारावरून सोरेन्सनबाई गेल्या, थबकल्या, माझ्याकडे आणि रिकाम्या खुर्च्यांकडे बघून निघून गेल्या.

मी मन घट्ट केलंय, पण आत्या, मला इथंच राहायचं आहे. मला हे लोक आवडतात. त्यांची जेलीसुद्धा आवडायला लागली होती.

नॅनेट


विलो फोर्क
८ सप्टेंबर १९८६

प्रिय आत्या,

आता सगळं सांगते. आता सांगायला कुणाची हरकत नाही.

त्या मंगळवारी माझ्याकडे आलेली बाई लारू नव्हती. व्हर्ला सोरेन्सन होत्या. सोबत ऑर्व्हिलकाका. काका आत आले, "काय राव, बरंय ना!" म्हणाले, आणि मग खुर्चीत बसून त्यांनी बायकोला विचारलं, "आपण कुणाच्या घरी आलोय?" थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग पुन्हा. त्यांना आता नावं आठवत नाहीत, आत्या, काही दिवशी घरसुद्धा. म्हणून ते सगळ्यांना एकच वाक्य म्हणतात आणि म्हणून सोरेन्सनबाई त्यांचा हात सोडत नाहीत. आणि मला तो प्रेमळपणा वाटत होता! तसा तो आहेही.

सोरेन्सनबाई म्हणाल्या, "मुली, तू हात चुकून वर ठेवलास, मला तुझ्या तोंडावरच दिसलं. पण तो खाली घेऊ नकोस. मला मंडळ सांभाळून याला सांभाळणं जमणार नाही. आणि मला नाही म्हणता येत नाही. माझ्या आईनं कधी म्हटलं नाही, मी कधी म्हटलं नाही, तो शब्द माझ्या तोंडातून निघतच नाही."

मी म्हटलं, बिशपना खरं कारण सांगा.

"सांगितलं तर संध्याकाळपर्यंत दाराशी रांग लागेल. प्रत्येक जण याला बघायला येईल. याचे अजून चांगले दिवस असतात गं. ज्या दिवशी याला स्वतःचं समजतं, त्या दिवशी सगळ्या गावाला समजलंय हे याला समजू नये."

मी शब्द दिला. जाता जाता त्या दारात थांबून म्हणाल्या, "आणि तुझ्या आईच्या केकबद्दल माफ कर. अगं, तो रममध्ये भिजवलेला होता. झाकण उघडलं तर माझं डोकं गरगरलं. मागे लारू सुरी घेऊन उभी होती." माझी आई, आत्या! तिला वाटलं असेल, टिकाऊ होईल. मयताच्या जेवणाला मी अख्ख्या भगिनी मंडळाला दारू वाढणार होते, आणि या बाईनं ते कुणाला न सांगता हिरवळीवर ओतलं. गवत अजून तिथं नीट उगवलेलं नाही.

आता कालचं. काल महिन्याचा पहिला रविवार, उपासाचा. ज्याला मनातलं बोलायचं त्यानं पुढे जाऊन बोलायचा दिवस. एका पोराची वाढदिवसाची सायकल झाली, एका आजोबांची पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. मग सोरेन्सनबाई उठल्या. काकांना हाताला धरून बरोबर पुढे घेऊन गेल्या.

"गेले चार आठवडे मी गप्प बसून खोटं बोलतेय," त्या म्हणाल्या. "मला अध्यक्ष व्हायचं नव्हतं. ते मला सांगता आलं नाही, म्हणून मी या नव्या मुलीला पुढे केलं. तिनं हात खाली घेतला असता तर तुम्ही सगळे हसला असतात आणि ती तुमची झाली असती. मी तिला म्हटलं, घेऊ नकोस, आणि तिनं घेतला नाही. मागच्या रविवारी तिला रिकाम्या वर्गात बसलेलं बघितलं. आज सकाळी ऑर्व्हिलला चांगलं समजत होतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, 'माझ्यापायी त्या पोरीला कशाला शिक्षा? सांगून टाक.' म्हणून सांगतेय. माझ्या ऑर्व्हिलची आठवण चाललीय. तुम्ही भेटाल तेव्हा त्याला आधी तुमचं नाव सांगत जा."

तेवढ्यात ऑर्व्हिलकाका मोठ्यानं म्हणाले, "आमेन! आता जेवायचं कधी?" आणि आधी कोण हसलं आणि आधी कोण रडलं ते मला सांगता येणार नाही. बिशपनी इतक्या जोरात नाक शिंकरलं की माइकमधून ऐकू आलं.

मी बाहेर पडले तर लारू जेन्सननं मला कोपऱ्यात गाठलं. कमरेवर हात, आवाज सबंध आवारात ऐकू जाईल असा. "एवढं सगळं चार आठवडे एकटीनं पोटात ठेवलंस? आम्ही काय मेलो होतो? अक्कल गहाण ठेवलीयस का बाल्टिमोरला? आणि वाळलीस किती! त्या थेनला काही करून घालता येतं की नाही? आणि मुलांना कागदाची गलबतं कसली शिकवतेस, माझ्या नातवानं घरात पाण्याची बादली ओतली!" ती थांबेचना. मी भोकाड पसरलं. थेन धावत आला, त्याला वाटलं मला काहीतरी लागलं. मी त्याला म्हटलं, "अरे, ही मला रागावतेय! ऐक ना, रागावतेय!" त्याला काही कळलं नाही. आत्या, तुम्हाला कळेल. या चार आठवड्यांत पहिल्यांदाच मला कुणी गोड बोललं नाही.

मंडळाची अध्यक्ष आता लारू होणार. कालच आवारात उभ्याउभ्या बायकांनी दिवस वाटून घेतले, काकांजवळ दुपारी कोण बसणार ते. सोमवार माझा. फक्त रविवारचा प्रश्न सुटत नाही. चर्चमध्ये तीन तास एका जागी काकांना बसवत नाही, मध्येच उठून चालू लागतात, आणि त्या वेळी गावातली यच्चयावत माणसं चर्चमध्ये. म्हणजे सोरेन्सनबाईंनी रविवारी घरीच बसायचं असं ठरतंय. त्या म्हणाल्या, हरकत नाही. पण गाणी त्यांना किती आवडतात ते मला माहीत आहे.

तुमच्याबद्दल मी त्यांना विचारलं. त्यांनी काकांच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. मग म्हणाल्या, "ड्वेन गेल्यावर आर्डिथच्या पायरीशी जाऊन मी परत यायचे. दार उघडल्यावर तिला काय म्हणायचं तेच सुचायचं नाही. मग पातेलं दुसरीच्या हाती द्यायचे. पातेल्याला बोलावं लागत नाही."

नॅनेट


स्पार्क्स
१२ सप्टेंबर १९८६

नॅनेट,

मी तुला लारू सांगितली आणि निघाली व्हर्ला. माझ्या अंदाजांवर यापुढे फार विसंबू नकोस. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी बाजारात गेले, काही न घेता परत आले, पुन्हा गेले. परत येणाऱ्या पायांबद्दल व्हर्लानं काय सांगितलं ते त्यानंतर मला बरंचसं कळलं. राग अजून आहे. वीस वर्षांचा आहे, एका पत्रानं कसा जाईल? पण तो घेऊन मी इथं बसण्यापेक्षा तिथं येऊन तिच्याच तोंडावर काढीन म्हणते.

आणि तुम्ही सगळ्या शहाण्या बायका एकत्र बसून रविवारचा प्रश्न सोडवू शकला नाहीत, कमाल आहे. रविवारी सकाळी चर्चला न जाणारं माणूस हवंय ना? मी वीस वर्षं गेलेली नाही. त्या खोऱ्यात याहून अनुभवी बाई तुम्हाला मिळणार नाही.

लारूला सांग, रविवार आर्डिथचा. बिशपला सांग, हे काम मला कुणी दिलेलं नाही, मी घेतलंय, तेव्हा हात वर-खाली करायची गरज नाही. थेनला सांग, मागची खोली रिकामी कर, भाड्यानं घर मिळेपर्यंत मी तिथंच राहीन. कॉफीची किटली सोबत आणते आणि त्यावर कुणाचं प्रवचन ऐकणार नाही.

ऑर्व्हिल मला ओळखणार नाही म्हणून हळवं व्हायचं कारण नाही. ओळखत होता तेव्हा आमचं एक मिनिट पटलं नाही. मला बघितलं की तो गोठ्यात जाऊन बसायचा. आता दर रविवारी नव्यानं ओळख करून घेऊ, एखाद्या रविवारी मी आवडेनसुद्धा.

व्हर्लाला यातलं काही सांगू नकोस. रविवारी ती घरी बसायच्या तयारीत असेल, तेव्हा मीच तिचं दार वाजवीन. काय बोलायचं ते मला सुचलेलं आहे. "व्हर्ला, टोपी घाल आणि नीघ, पहिलं गाणं चुकेल."

आर्डिथ